कच्चे टाके

आक्काच्या दुकानात एक नियम होता आणि तो तिच्या आजोबांपासून चालत आला होता. खुर्ची असो, सोफा असो की ट्रकची सीट असो, ज्याने ती भरली आणि शिवली त्याने आधी तिच्यावर बसायचं. नुसतं टेकायचं नाही, पाठ मागे घालून, हात सैल सोडून, घरच्यासारखं बसायचं. उठल्यावर त्याने मान डोलावली तर माल दाराबाहेर. नाही डोलावली तर गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं असलं तरी शिवण उसवायची. मालक किती मोठा आणि कारागीर किती छोटा, हे त्यात पाहायचं नाही. ज्याचं काम, त्याचीच मान.

धाकटा याच दुकानात लहानाचा मोठा झाला. तो आक्काच्या पाठीवर इतक्या वर्षांनी आला होता की भाऊ कमी आणि लेकरू जास्त. हात गुणी होता, पण जीव ड्रममध्ये अडकलेला. सकाळी दुकानात खिळे ठोकायचे आणि दुपारनंतर मागच्या खोलीत ड्रम ठोकायचे. "आक्का, माझ्या कपाळावर एकच काम लिहिलंय," असं तोच हसत म्हणायचा.

मागची खोली म्हणजे फोमचं कोठार. जमिनीपासून छतापर्यंत फोमच्या लाद्या रचलेल्या, भिंतीला टेकून रेक्झिनचे गुंडाळे. आवाज त्यात असा जिरायचा की शेजारच्या शिंप्याला पत्ता लागत नसे. म्हणून तर चौघांच्या बँडला ती खोली मिळाली. मेटल म्हणतात तसल्या संगीताला दुसरीकडे कोण थारा देणार? पहिल्या दिवशी बाबा दाराशी उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले.

"काही बिघडलंय की हे असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"असंच असतं, बाबा."

"मग चालू द्या. बिघडलं असतं तर मिस्त्री बोलवावा लागला असता."

चौघांत गाणारा तो घोगऱ्या. दिवसा बस स्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून तो गाड्यांची घोषणा करायचा, तीही इतक्या मधाळ आवाजात की चुकलेली गाडीसुद्धा माणसाला गोड वाटावी. संध्याकाळी मात्र तोच गळा अंगावर काटा आणायचा. दिवसभर प्रवाशांशी गोड बोलून जे साचतं ते तो आमच्या फोममध्ये ओतून जातो, असं आक्का म्हणायची. गिटारवाल्याला मास्तर म्हणायचे, कारण तो घरी मुलांना गिटार शिकवायचा. आणि चौथा मुका. तो मुका नव्हता, पण घराला आग लागली तरी आधी दुसरं कुणी बोलतंय का ते पाहणारा.

मग एका सकाळी धाकटा उठलाच नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आदल्या दिवशी तो नवे बूट बघून आला होता आणि नंबर बसत नाही म्हणून कुरकुरत होता.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बँडचा अल्बम बाहेर पडला. नाव 'गंज'. धाकट्याने वाजवून ठेवलेलं सगळं त्यात होतं. एका सभागृहात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता, तिथे तो सगळ्यांना ऐकवला. आक्का आणि बाबा पुढच्या रांगेत बसले होते. दिवे मंद केले आणि ड्रम सुरू झाले, तशी आक्का ताठ झाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज घुमत होता. एकेक ठोका पडायचा आणि त्याच्या मागे पोकळ शेपूट लांबत जायची, जशी रिकाम्या टाकीवर काठी मारावी.

गाणी संपल्यावर लोक बोलायला उभे राहिले. एक म्हणाला, "ड्रम ऐकलेत का? विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटतात. त्याला चाहूल लागली होती." दुसरा म्हणाला, "हा अल्बम नाही, हा निरोप आहे." मागच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस मात्र म्हणाला, "मला नाही पटलं. तो असा वाजवायचा नाही. तो कोरडा वाजवायचा, खाटकन." आजूबाजूच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाण्याची बाटली उचलून निघून गेला. आक्काला वाटलं उठावं आणि त्याला गाठावं, पण तेवढ्यात काळ्या शर्टातली एक पोरगी तिचे हात धरून रडू लागली. "तुमच्या भावाने आपलं मरण वाजवून ठेवलंय," ती म्हणाली. आक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी येताना बाबा म्हणाले, "मेल्या म्हशीला मणभर दूध."

"बाबा."

"माझाच मुलगा आहे, मी म्हणू शकतो. जिवंत होता तेव्हा यातली निम्मी माणसं त्याला 'हळू वाजव' म्हणायची."

आक्काच्या डोक्यात विहीर घुमत होती. आणि ती विहीर कुठली हे तिला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, बँडमधल्या तिघांनाही ठाऊक होतं. लपवालपवीची गोष्टच नव्हती. झालं होतं ते असं की नाटकगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायचं काम दुकानाला मिळालं आणि कोठारातला फोम एकूण एक लादीपर्यंत संपला. नवा ट्रक वाटेत कुठेतरी अडकला. खोली अशी रिकामी झाली की शिंकलं तरी दोनदा ऐकू यायचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात रेकॉर्डिंगवाली बाई मोकळी होती. ती पुढे दुसऱ्या गावी जाणार होती. धाकटा म्हणाला होता, थांबू या. बाकीचे म्हणाले होते, निदान वाजवून तरी ठेव, म्हणजे त्यावर गिटार आणि गाणं चढवता येईल. शेवटी तो तयार झाला. "ठीक आहे. पण हे कच्चे टाके आहेत," तो म्हणाला होता. "फोम आला की पक्के मारतो."

शिवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कापड जागेवर राहावं म्हणून आधी मोठेमोठे सैल टाके घालतात, पक्की शिवण झाली की ते ओढून काढतात. कच्च्या टाक्यांवर माल देणं म्हणजे दुकानाचं नाक कापणं.

रेकॉर्डिंग झाल्यावर त्याने ते ऐकलं होतं. रिकाम्या खोलीत लाकडी खोक्यावर पाठ मागे घालून बसला, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि उठला. मान डोलावली नाही. "बादली," एवढंच म्हणाला आणि खिळे ठोकायला गेला.

फोमचा ट्रक आला तो त्याला पोचवून आल्यानंतरच्या आठवड्यात.

*

मास्तर दुकानात आला तेव्हा आक्का एका आरामखुर्चीचं पोट उघडून बसली होती. तोंडात खिळे होते, म्हणून तिने भुवयांनीच विचारलं, काय?

"आक्का, बातमी आहे. अल्बमची तबकडी काढणार आहेत. खरीखुरी, मोठी, काळी. एक कंपनी स्वतःहून मागे लागलीये." मास्तरचा चेहरा फुलला होता. "पुढच्या महिन्यात छापायला जाईल. आमचा होकार झालाय. धाकट्याच्या वतीने तुमचा पाहिजे."

आक्काने एकेक करून खिळे तळहातावर काढले. "हाच आवाज छापणार?"

"हाच म्हणजे?"

"बादलीचा."

मास्तरने मान खाली घातली. तो सरळ माणूस होता, त्याला खोटं नीट जमत नसे. "आक्का, लोकांना तोच आवडलाय. खरं सांगू, मलाही आता तसाच आवडायला लागलाय. आणि आता दुसरं करणार काय? तो तर..."

"तू म्हणणार होतास तो शब्द मलाही येतो. त्याने हे नापास केलं होतं. तू तिथेच होतास ना?"

"होतो."

"मग माझा होकार कसा मागतोस? त्याचा नकार माझ्याकडे ठेवलेला आहे. तबकडी म्हणजे काय दुरुस्त करता येणारी गोष्ट आहे? एकदा छापली की छापली."

बाबा कोपऱ्यात सुतळी गुंडाळत बसले होते. आता त्यांना डोळ्यांमुळे बारीक काम जमत नसे, पण कान तिखट होते. "नियम माल बनवणाऱ्यासाठी असतो," ते म्हणाले. "बनवणाराच नाही तर आता उसवून परत शिवलेल्या मालावर बसणार कोण?"

हा प्रश्न आक्काला लागला. तिने हातातले खिळे डब्यात टाकले. "कुणी नाही," ती म्हणाली. "पण नापास केलेला माल पाठवण्यापेक्षा न तपासलेला बरा. बाबा, तुम्ही पाठवला असता?"

बाबांनी सुतळीला गाठ मारली. "मी असतो तर दुकानच बंद केलं असतं," ते म्हणाले, आणि हे हो होतं की नाही होतं ते मास्तरला कळलं नाही. आक्काला कळलं.

रेकॉर्डिंगवाल्या बाईला फोन झाला. ठेंगणी, कामाची घाई असलेली बाई, बोलतानाही तिच्या मागे वायरी गुंडाळल्याचा आवाज यायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोलीचा घुमारा पुसता येत नाही. पण दुसरं एक करता येतं, आणि मोठमोठे बँड करतात. तुमच्या भावाने कधी ठोका मारला, किती जोरात मारला, ते सगळं माझ्याकडे आहे. ते तसंच ठेवायचं. फक्त प्रत्येक ठोक्याच्या जागी त्याच ड्रमचा कोरडा आवाज बसवायचा. त्यासाठी त्याच खोलीत, फोम भरलेला असताना, एकेक ड्रम सुटा वाजवून घ्यावा लागेल. झांजा तशाच राहतील, त्यांचं फारसं बिघडलेलं नाही."

"म्हणजे शिवण त्याचीच, कापड बदलायचं," आक्का म्हणाली.

"तसं म्हणा. पण बाकीच्यांचं एकमत करून बोलवा. मी भांडणात वायरी टाकत नाही."

*

घोगऱ्याचं मन वळवायचं तर त्याला त्याच्या जागीच गाठायला हवं होतं. दुकानात आला की तो मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहायचा, मग बोलणंच व्हायचं नाही. म्हणून आक्का बस स्थानकावर गेली. काचेच्या खोलीत एक टेबल, एक माईक, एक पंखा आणि घोगऱ्या. त्याने तिला स्टूल दिलं.

"मास्तरने सांगितलं मला," तो म्हणाला. "आक्का, माझं उत्तर नाही आहे."

"अजून मी विचारलं कुठे?"

"तुम्ही त्याचे हात पुसून टाकायला निघालात. त्या ड्रमवर पडलेले त्याचे शेवटचे ठोके आहेत ते. शेवटचे. आणि त्याच्या जागी कुणीतरी—" त्याने बोट वर केलं, माईकचं बटण दाबलं आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळची जलद गाडी फलाट तीनऐवजी फलाट पाचवरून सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." बटण सोडलं. "आणि त्याच्या जागी कुणीतरी भाड्याचा माणूस ठोकणार."

"तो प्रत्येक वेळी नाराजच असायचा, हे म्हणायचं राहिलं तुझं."

"तेही खरंच आहे. मागच्या अल्बमलाही म्हणाला होता बादली."

"मागच्याला म्हणाला 'पातेलं'. आणि परत वाजवलं. तेव्हा त्याला परत वाजवायला मिळालं."

काचेवर एका म्हातारबाबांनी टकटक केली, पाच नंबरचा फलाट कुठे म्हणून. घोगऱ्याने हाताने दिशा दाखवली.

"लोक रडतात ते ऐकून," तो म्हणाला. "मी रडतो. तुम्हाला काय माहीत, मी रोज ऐकतो ते. त्या घुमण्यात मला तो दिसतो."

"तिथे तो नाही रे. तिथे आमची रिकामी खोली आहे."

हे तिने दुखवायला म्हटलं नव्हतं, पण त्याला लागलं. त्याने मान फिरवली आणि अजून वेळ न झालेल्या एका गाडीची घोषणा करून टाकली. बाहेर लोक उठून सामान उचलू लागले, मग घड्याळ बघून पुन्हा बसले.

"बघ, चुकीची गाडी सोडलीस," आक्का म्हणाली. "आता काय करशील?"

"दुरुस्तीची घोषणा करीन."

"कर की मग."

त्याने केली. पण आक्काला हो म्हणाला नाही. ती उठली तेव्हा म्हणाला, "तुम्ही करून बघा. ऐकायला मी येईन. पण मान हलवणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"ये तर खरं," आक्का म्हणाली. "मान तुझी आहे."

*

आक्काने कारागिरांना सांगून ठेवलं, मागच्या खोलीतली एकही लादी हलवायची नाही. त्यामुळे गादीकाम अडलं, दोन सोफे लांबणीवर पडले आणि एका हॉटेलवाल्याने बरंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. फाटक्या सीटा, निघालेलं रेक्झिन, मोडलेल्या स्प्रिंगा, एवढीच कामं चालू ठेवली.

बाई आली, वायरी पसरल्या, माईक लावले. ड्रम होते तसेच होते, त्यांच्यावर आक्काने जुना पडदा टाकून ठेवला होता. तो काढला तेव्हा मास्तर आणि मुका दोघेही भिंतीकडे बघू लागले.

"वाजवणार कोण?" बाईने विचारलं. "चांगला ड्रमर नको. त्याच्या हाताला सवयी असतात. मला एकसारखा ठोका हवा. आधी हलका, मग त्याहून जड, मग त्याहून जड. एकेक पायरी. कंटाळा न करता."

मास्तरने आक्काकडे पाहिलं. मुक्यानेही पाहिलं. आयुष्यभर ती खिळेच तर ठोकत आली होती. नाजूक लाकडात हलके, जाड चौकटीत जड, आणि एकही वाकडा नाही.

"मी त्याच्या काड्यांना कधी हात लावला नाही," आक्का म्हणाली.

"तो लावू देत नव्हता," मुका म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. बोलल्याबद्दल त्याला लाजल्यासारखं झालं.

आक्का स्टुलावर बसली. स्टूल तिला उंच झालं, पण तिने ते फिरवून खाली घेतलं नाही. काडी हातात धरली, हातोडी धरावी तशी, मग बाईने सांगितल्यावर थोडी सैल. पहिला ठोका इतका भित्रा पडला की बाई म्हणाली, "हा झोपलेल्या पोराच्या पाठीवर मारलात का?" दुसरा बरा पडला. तिसऱ्याला आवाज आला: कोरडा, जाग्यावरच संपणारा, खाटकन. भिंतींनी तो पुरता गिळला. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तो पुटपुटला, "हा. हाच तो."

मग आक्काने इकडे तिकडे पाहिलं नाही. एक ड्रम झाला की दुसरा. मोठ्या ड्रमचं पायाखालचं पेडल दाबायला तिचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा तिने खाली फोमचा तुकडा घातला आणि पुन्हा दाबलं. दोनदा बाई म्हणाली, आता पुरे, चालेल. आक्का म्हणाली, "चालेल असं आमच्यात नसतं. तुम्हाला हवं तसं झालंय का ते सांगा." मग बाईनेही पदर खोचला, म्हणजे निदान तसं तोंड केलं, आणि शेवटची पायरी पुन्हा वाजवून घेतली. संध्याकाळी आक्काचे खांदे वर होत नव्हते. बाबांनी न विचारता तिच्यासाठी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले. ती तसाच प्यायली.

*

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे दुकानात जमले. समोरच्या बाजूला तपासणीचा लांब सोफा होता. आधीचे सगळे अल्बम त्या चौघांनी त्याच सोफ्यावर बसून तपासले होते. दुकानाचा नियम धाकट्याने बँडलाही लावला होता: चौघं बसायचे, ऐकायचे, उठून मान डोलवायची. या वेळी ते झालंच नव्हतं. आज घोगऱ्या आला आणि एका टोकाला बसला, मास्तर आणि मुका दुसऱ्या टोकाला. मधली जागा कुणी घेतली नाही. बाबा त्यांच्या कोपऱ्यात. आक्का उभीच.

बाईने आधी जुनं लावलं, मग नवं.

नव्यात ड्रम जवळ आले होते. घुमणं गेलं आणि धाकट्याची घाई दिसू लागली, त्याचं एखाद्या ठोक्याला मुद्दाम जरा मागे खेचणं, एका जागी पुढे धावून मग स्वतःला सावरणं. ते सगळं आधी त्या विहिरीत बुडालं होतं. शेवटचं गाणं संपलं तेव्हा बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेवढाच आवाज.

मास्तर उठला, त्याने मान डोलावली. मुका उठला, त्यानेही. घोगऱ्या बसूनच राहिला.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. पण मला पहिलंच आवडतं."

"मलाही," आक्का म्हणाली.

घोगऱ्याने वर पाहिलं. मास्तरनेही.

"काय म्हणालात?"

"मलाही पहिलंच आवडतं. त्यात काडी त्याच्या हातात आहे. यात माझ्या. मी काय दगड आहे? मला काय कळत नाही?" तिचा आवाज चढला नव्हता. ती जणू रेक्झिनचं माप सांगत होती. "पण मला आवडतं म्हणून माल जायला लागला तर बनवणाऱ्याने करायचं काय? आता मला एक सांग. तुला सर्दी झालीये, नाक चोंदलंय, आणि त्या दिवशी तू नुसतं खुणेपुरतं गाऊन ठेवलंस. म्हणालास, बरा झालो की नीट गातो. आणि दुसऱ्या दिवशी गेलास."

"बरं."

"आणि आम्ही तेच बाजारात आणलं. लोक म्हणाले, काय दुःख आहे हो आवाजात, त्याला चाहूल लागली होती. तबकडी निघाली. तुझं चोंदलेलं नाक कायमचं छापलं."

घोगऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. त्याने तो दाबायचा प्रयत्न केला, पण मास्तर आधी हसला आणि मग कुणालाच आवरेना.

"मी उठून येईन," घोगऱ्या म्हणाला. "आक्का, मी मेलेला उठून येईन आणि एकेकाच्या घरात जाऊन तबकडी फोडीन."

"त्याला येता येत नाहीये," आक्का म्हणाली.

हसणं थांबलं. घोगऱ्याने दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. मग तो उठला. सोफ्याची मधली जागा, जिथे कुणी बसलं नव्हतं, तिकडे त्याने एकदा पाहिलं. आणि मान डोलावली, अगदी थोडी, कर्जबुडव्याने ओळख दाखवावी इतकी.

"पण मला पहिलंच आवडतं," तो म्हणाला.

"ते कुणी काढून घेत नाही तुझ्याकडून."

*

तबकडी निघाली. मग जे व्हायचं तेच झालं. काहींनी लिहिलं, शेवटी ड्रम ऐकू आले. बऱ्याच जणांनी लिहिलं, सोनं होतं त्याचं पितळ केलं. मेलेल्या माणसाच्या कामात हात घालायचा अधिकार यांना कुणी दिला. घोगऱ्याला तर लोक बस स्थानकावर येऊन बोलू लागले. तो काचेतून त्यांना म्हणायचा, "काम त्याचं होतं, त्याने नापास केलं होतं. मला विचाराल तर मलाही पहिलं आवडतं. पण मला कोण विचारतो?" आणि मग गोड आवाजात पुढच्या गाडीची घोषणा करायचा. बाबांनी तबकडी पुरी ऐकली आणि म्हणाले, आता यंत्र नीट चालतंय.

मागच्या खोलीतला फोम पुन्हा कमी होऊ लागला. लांबलेले सोफे गेले, हॉटेलवाल्याचा राग गेला.

एका दुपारी, कारागीर जेवायला गेले होते तेव्हा, काळ्या शर्टातली ती पोरगी दुकानात आली. शटर अर्धं खाली होतं, ती वाकून आत आली. आक्का एकटीच खिळे ठोकत बसली होती आणि फळीवरच्या जुन्या स्पीकरवर ड्रम वाजत होते. घुमत होते. विहिरीच्या तळातून येत होते. पोरगी जागीच थबकली. आक्काने हात लांब करून स्पीकर बंद केला.

"हे जुनं आहे," पोरगी म्हणाली. भांडायची तयारी करून आली होती, ती बिचारीची वाया चालली होती. "तुम्ही सगळ्यांसाठी बदलून टाकलंत आणि स्वतः हे ऐकताय?"

"ऐकते."

"मग आम्हाला का नाही?"

"नापास माल गिऱ्हाइकासमोर ठेवत नाही आम्ही. कुणी आलं की बंद करते." आक्काने हातोडी खाली ठेवली. "तू काही शिवायला टाकायला आलीस का?"

"नाही."

"काही न्यायला?"

"नाही हो. मी तर तुम्हाला बोलायला आले होते."

"म्हणजे गिऱ्हाईक नाहीस." आक्काने स्पीकरकडे हात नेला. "मग ते शटर खाली ओढ आणि बस. बोलायचं ते नंतर बोल."

पोरीने शटर ओढलं. अंधारात चाचपडत ती जवळच्या खुर्चीशी आली.

"त्या खुर्चीवर नको," आक्का म्हणाली. "ती माझ्या हातची आहे, अजून मी बसायची आहे."